मुद्दा पटवून देणारी भाषा: सीमाभागातल्या नवख्या वक्त्यांसाठी आणि निवेदन लिहिणाऱ्यांसाठी

ग्रामसभेत उभं राहून दोन वाक्यं बोलायची असोत, हायस्कूलच्या वक्तृत्व स्पर्धेत पाच मिनिटं बोलायचं असो, नाहीतर एखाद्या साहेबांना निवेदन लिहायचं असो, काम एकच असतं. समोरच्याला आपलं म्हणणं पटलं पाहिजे आणि पटल्यावर त्याने हातपाय हलवले पाहिजेत. बेळगाव, खानापूर, निपाणी, चिकोडी या पट्ट्यात या कामाला एक जादा अडचण आहे. बोलणारा मराठीत विचार करतो, ऐकणाऱ्यांत काही मराठी, काही कन्नड, काही दोन्ही घरात बोलणारे, आणि निर्णय घेणारा अधिकारी शेरा मारतो तो कन्नडमध्ये. त्यामुळे पुण्या-मुंबईच्या वक्तृत्वाच्या पुस्तकातली युक्ती इथे उचलून आणली की निम्मी वाटेतच सांडते. कुठली टिकते आणि कुठली सांडते, हे आधीच ठाऊक असलं तर श्रम वाचतात.

सगळ्या युक्त्या एकाच उदाहरणावर दाखवल्या आहेत. खानापूर तालुक्यातलं एक गाव. मुली खानापूरच्या हायस्कूलला जातात. शाळा पाचला सुटते. गावापर्यंत येणारी गाडी स्टँडवरून चारलाच निघून जाते. पुढची गाडी साडेसातला, तीही फाट्यापर्यंत. तिथून गाव तीन किलोमीटर, रस्ता जंगलाच्या कडेने. गाव आणि आकडे नमुन्याचे आहेत, तुमच्या निवेदनात तुमचे खरे आकडे घाला.

पायरी १: आधी मागणी, मग भाषा

कागदावर सगळ्यात आधी मागणी लिहा, तीही एका वाक्यात. कोणी, काय, केव्हापासून करायचं हे तीनही त्यात आलं पाहिजे. "मुलींच्या प्रवासाची योग्य ती सोय व्हावी" ही मागणी नव्हे. अशा वाक्याला साहेब "बघतो" म्हणतात आणि त्यात त्यांचं काही चुकत नाही, कारण नेमकं काय बघायचं ते आपण सांगितलेलंच नसतं. त्याऐवजी असं लिहा: "खानापूर स्टँडवरून आमच्या गावाला चारला सुटणारी गाडी येत्या १ तारखेपासून सव्वापाचला सोडावी."

आता हे वाक्य ज्याला द्यायचं त्याच्या हातात ते आहे का, ते तपासा. गाडीची वेळ डेपो मॅनेजर बदलू शकतो किंवा वर शिफारस करू शकतो. फाट्यापासूनचा रस्ता तो करू शकत नाही आणि रस्त्यावरचे दिवे पंचायतीच्या पीडीओकडे (पंचायत विकास अधिकाऱ्याकडे) येतात. नवखे लोक इथेच घसरतात. एकदा साहेब भेटणार आहेत तर सगळंच सांगून घेऊ, म्हणून बस, रस्ता, दिवे, गटार आणि शाळेचं कंपाऊंड एकाच निवेदनात कोंबतात. पाच मागण्यांचा कागद पाच टेबलं फिरतो. एक मागणी, एक कागद, एक टेबल.

पायरी २: माल गोळा करा

समोरच्याला पटतं ते तीन वाटांनी, असं अ‍ॅरिस्टॉटलने इसवी सनापूर्वी चौथ्या शतकात मांडलं आणि ती विभागणी अजूनही कामाला येते. पहिली वाट बोलणाऱ्यावरचा विश्वास, दुसरी तर्क, तिसरी भावना. भाषण लिहिण्याआधी कागदाचे तीन भाग पाडा आणि प्रत्येकात काय आहे ते उतरवा.

विश्वासाच्या रकान्यात: कोण बोलणार? मुलीची आई बोलली तर एक वजन, शाळेच्या एसडीएमसीचा (शाळा विकास आणि देखरेख समितीचा) अध्यक्ष बोलला तर दुसरं, मुख्याध्यापकांचं पत्र जोडलं तर तिसरं. गावचा पुढारी चांगला बोलतो म्हणून त्यालाच उभं करायची आपल्याकडे सवय आहे. या विषयात आईचं मोडकंतोडकं बोलणं जास्त पटतं, कारण तिने स्वतः कंदील-बॅटरी घेऊन फाट्यावर वाट बघितलेली असते.

तर्काच्या रकान्यात मोजलेल्या गोष्टी. किती मुली, गाड्या कोणत्या वेळेच्या, किती अंतर. आकडा मिळाला की तो ऐकणाऱ्याच्या अंगाला लागेल अशा मापात बदला. सव्वापाच ते साडेसात म्हणजे रोज सव्वादोन तास. महिन्याचे शाळेचे २४ दिवस धरले तर ५४ तास. "पोरी रोज ताटकळतात" यापेक्षा "एकेक पोरगी महिन्याला ५४ तास स्टँडवर काढते" हे वाक्य टोचतं, आणि गुणाकार कोणीही करून बघू शकतो. आकडे दोन किंवा तीनच ठेवा. सात आकडे सांगितले तर एकही लक्षात राहत नाही.

भावनेच्या रकान्यात एकच चित्र. खानापूरच्या जंगलात अस्वलं आहेत, हे त्या भागात कोणाला सांगावं लागत नाही. त्यामुळे "भीषण, जीवघेणा, काळजाचा थरकाप उडवणारा प्रवास" असली विशेषणं नकोत. "फाट्यावरून चार पोरी एका मोबाईलच्या उजेडात चालत येतात आणि अस्वल बिचकावं म्हणून मोठमोठ्याने पाढे म्हणतात." चित्र दिलं की विशेषण गाळा. दोन्ही ठेवलं तर ऐकणाऱ्याला वाटतं, हा आपल्याला रडवायला बघतोय, आणि तो सावध होतो.

तीन मिनिटांच्या भाषणाचा हिशेब साधारण असा: २० सेकंद कोण बोलतंय आणि कशासाठी, दीड मिनिट तर्क, अर्धा मिनिट चित्र, उरलेल्या ४० सेकंदांत आक्षेपाला उत्तर आणि मागणी. सावकाश बोललं तर मिनिटाला शंभर ते सव्वाशे शब्द होतात. म्हणजे लिहिलेला मजकूर साडेतीनशे शब्दांच्या वर गेला की काटायला घ्या.

पायरी ३: वाक्याला धार लावा

इथे अलंकार येतात. शाळेत ते व्याकरणाच्या गुणांसाठी पाठ केलेले असतात, पण मुळात ती बोलण्याची हत्यारं आहेत. सगळी एका भाषणात वापरायची नसतात. तीन मिनिटांत तीन-चार पुरेत.

प्रश्न. ज्याचं उत्तर नको असतं, तो प्रश्न. १८९७ साली पुण्यात प्लेगच्या काळात टिळकांनी केसरीत अग्रलेख लिहिला, त्याचा मथळाच होता "सरकारचे डोके ठिकाणावर आहे काय?" विधान केलं असतं तर तो एक आरोप झाला असता. प्रश्न केल्यामुळे "नाही" हे उत्तर वाचकाने स्वतःच्या तोंडाने दिलं, आणि स्वतः दिलेलं उत्तर माणूस सहसा सोडत नाही. या युक्तीची ताकद तिथे आहे, आणि धोकाही तिथेच. ज्या प्रश्नाला समोरून भलतंच उत्तर येऊ शकतं, तो विचारू नका. "गाडीची वेळ बदलायला एवढं काय अवघड आहे?" असं विचारलंत तर डेपो मॅनेजर खरोखरच सांगायला लागेल: ड्रायव्हर नाहीत, शेड्यूल वरून येतं, दुसऱ्या गावाची फेरी तुटते. तुमची दोन मिनिटं तिथे गेली. "पाचला सुटणाऱ्या शाळेतल्या पोरींना चारची गाडी काय उपयोगाची?" याला मात्र एकच उत्तर आहे. भाषणात असे प्रश्न फार तर दोन. ओळीने चार-पाच आले की भाषण संपून चौकशी सुरू झाल्यासारखं वाटतं.

तीनाची मांडणी. दोन गोष्टी अपुऱ्या वाटतात, चार जड होतात, तीन कानाला पुरत्या वाटतात. "सकाळी जायला गाडी आहे, चारला पोरींना न घेता येणारी गाडी आहे, पाचला सुटणाऱ्या पोरींना घरी आणणारी गाडी नाही." पहिले दोन सारखे, तिसरा मोडणारा, म्हणून वार तिसऱ्यावर बसतो. तीन गोष्टी चढत्या क्रमाने लावल्या तर तो सार अलंकार: "पाय दुखतात, अभ्यास बुडतो, आणि एक दिवस घरचे म्हणतात, पुरे झाली शाळा." हेच उलट लावून बघा: शाळा सुटते, अभ्यास बुडतो, पाय दुखतात. शेवटी हसू येतं. क्रम चुकला की गंभीर गोष्टीचंही असं होतं, म्हणून तीन गोष्टी कागदावर लिहून कोणती सर्वांत जड ते आधी ठरवा.

पुनरावृत्ती. यावर जरा थांबायला हवं, कारण मराठीत ही युक्ती वेगळी वागते. आपलं क्रियापद वाक्याच्या शेवटी येतं, त्यामुळे वाक्यांचे शेवट आपोआप सारखे होतात. "गावाला बस नाही आहे. रस्ता खराब आहे. रात्री अंधार आहे. मुलींची अडचण आहे." इथे "आहे" चारदा आलं, पण त्याने जोर चढला नाही, झोप आली. शेवटची पुनरावृत्ती मराठीत फुकट मिळते, म्हणून तिला किंमत नसते. सुरुवातीची मुद्दाम घडवावी लागते, म्हणून ती कानात भरते. हाच मजकूर असा फिरवा:

"पाचला शाळा सुटते. पाचला अजून उजेड असतो. पाचला स्टँडवर आमच्या गावाची गाडी मात्र नसते."

"पाचला" तीनदा आलं, आणि मागणीतला सव्वापाचचा आकडा ऐकण्याआधीच ऐकणाऱ्याच्या डोक्यात घड्याळ बसलं. पुनरावृत्तीसाठी असाच शब्द निवडा जो मागणीकडे घेऊन जातो. "आमच्या गावात, आमच्या गावात" असं घोळवण्यात लय आहे, पण ती कुठेच पोचवत नाही. आणि तीनदा म्हणजे तीनदाच, चौथ्यांदा लोक मोजायला लागतात.

विरोध. दोन टोकं एका वाक्यात शेजारी बसवणं. "गाडी आहे, वेळ नाही." चार शब्दांत प्रकरण मांडून झालं. मागणीच्या अगदी आधी असं एखादं वाक्य ठेवा. मात्र दोन्ही टोकं खरी असली पाहिजेत. "शहराला सगळं, गावाला काहीच नाही" हा विरोध ऐकायला झणझणीत आहे, पण "काहीच नाही" खोटं असल्यामुळे पुढच्या खऱ्या वाक्यावरचाही विश्वास उडतो.

च. एका अक्षराचं हे हत्यार मराठी माणूस दिवसभर न कळत वापरतो. "स्वराज्य हा माझा जन्मसिद्ध हक्क आहे आणि तो मी मिळवणारच." शेवटचा च काढून वाचून बघा. वाक्याचा नुसता बेत होतो. ज्यांनी १९१६ मध्ये बेळगावातच होमरूल लीगची स्थापना केली त्या टिळकांचं हे वाक्य शंभर वर्षं तोंडात टिकलं, त्यात त्या च चा वाटा मोठा आहे. गंमत अशी की कन्नडमध्येही याचा जोडीदार आहे. "बेके बेकु, न्याय बेकु" ही घोषणा बेळगावच्या रस्त्यावर सगळ्यांनी ऐकली आहे. तिच्यातलं "बेके" म्हणजे आपलं "पाहिजेच". त्यामुळे हा जोर भाषांतरात शाबूत राहतो. पण च चा सडा घालू नका. "आम्हीच नेहमीच याच मागणीसाठीच येतो" या वाक्यात कशावरच जोर नाही. एका परिच्छेदाला एक च, आणि तो मागणीच्या शब्दाला.

आम्ही की आपण. "आम्ही" म्हटलं की ऐकणारा बाहेर राहतो, "आपण" म्हटलं की तो आत येतो. ग्रामसभेत गावकऱ्यांना "आपण" म्हणा, कारण त्यांना सोबत घ्यायचं आहे. अधिकाऱ्यासमोर तक्रार सांगताना "आम्ही", आणि तोडग्यावर येताना "आपण सगळे मिळून", हा बदल नेमक्या जागी केला तर समोरचा नकळत आपल्या बाजूला येऊन उभा राहतो. दोन खाचखळगे इथे आहेत. लेखी निवेदनात "आपण" म्हणजे साहेब स्वतः, आदराने. "आपण गाडीची व्यवस्था करू" असं लिहिलं तर नक्की कोण करणार हेच कळत नाही. कागदावर "आपणांस विनंती" हे साहेबांसाठी, आणि सगळ्यांसाठी "आपण सर्व जण" असं स्पष्ट लिहा. दुसरं, आजच्या कन्नडमध्ये दोन्हीला "नावु" हा एकच शब्द. तुमचं बोलणं कोणी कन्नडमध्ये सांगणार असेल तर आम्ही-आपणच्या फरकावर काही अवलंबून ठेवू नका.

कर्ता दाखवायचा की झाकायचा. समजा, गावाची एखादी गाडीच बंद झाली. ही एकच गोष्ट चार तऱ्हांनी सांगता येते. "गावाची गाडी बंद झाली." "गाडी बंद करण्यात आली." "डेपोने गाडी बंद केली." "तुम्ही गाडी बंद केलीत." पहिल्यात दोष कोणाचाच नाही, जणू पाऊस थांबला. दुसऱ्यात कोणीतरी केलं, पण कोणी ते सांगायचं नाही. तिसऱ्यात बोट दाखवलं. चौथ्यात ते बोट छातीवर टेकवलं. ज्याच्याकडून काम करून घ्यायचं आहे त्याच्याशी बोलताना पहिलं किंवा दुसरं वाक्य वापरा. त्याला मागे फिरायला जागा राहते. मोर्चात, किंवा तीन निवेदनं देऊनही काही झालं नसेल तर तिसरं. चौथं वाक्य समोरासमोर बोललात की समोरचा आधी स्वतःचा बचाव करतो आणि गाडीचा विषय बाजूला पडतो. हीच नजर समोरून आलेल्या उत्तराकडेही ठेवा. "आपला अर्ज पुढे पाठवण्यात आला आहे" असं पत्र आलं तर कोणी, कोणाकडे, कोणत्या तारखेला, हे विचारण्याचा तुम्हाला हक्क आहे.

उपमा, दृष्टांत, म्हण. दृष्टांताची परंपरा आपल्याकडे फार जुनी आहे. चक्रधरस्वामींनी सांगितलेले दृष्टांत महानुभावांनी जपून ठेवले, आणि कीर्तनकार आजही निरूपणात दृष्टांतावरच उभा असतो. पटवण्याच्या भाषणात एकच घ्या आणि तो ऐकणाऱ्याच्या शिवारातला घ्या. चिकोडी-निपाणीकडे ऊस आणि काटा सगळ्यांना कळतो, खानापुरात भात, बेळगावच्या पश्चिमेला रताळी. "चारची गाडी म्हणजे ऊस तोडायच्या आधीच काट्यावरून परत गेलेला ट्रॅक्टर" हे कारखान्याच्या पट्ट्यात चटकन पोचतं. दृष्टांत एका वाक्यात संपवा. लांबवला की ऐकणारा उसाचा विचार करत बसतो आणि पोरी बाजूला राहतात.

म्हणीचं तसंच. म्हण पिढ्यान्‌पिढ्यांनी मान्य केलेलं वाक्य आहे, म्हणून तिला पुरावा लागत नाही. काही म्हणी दोन्ही भाषांत आहेत. "नाचता येईना अंगण वाकडे" याला कन्नडमध्ये "कुणियलारदवळु नेल डोंकु एंदळंते" असा जुळा भाऊ आहे. दुभाषी सभेत अशी म्हण दोन्हीकडे हशा मिळवते. मात्र ही म्हण टोमण्याची आहे, ज्याच्याकडून काम हवं त्याच्यासमोर नको.

यमक आणि अनुप्रास घोषणेसाठी राखून ठेवा. घोषणा दोन तुकड्यांची असते, एक सांगणाऱ्याचा, दुसरा जमावाचा. जमावाचा तुकडा दोन-तीन शब्दांचा आणि कायम तोच पाहिजे. "बेळगाव, कारवार, निपाणी, बिदर, भालकीसह संयुक्त महाराष्ट्र" इतकं लांबलचक सांगणारा म्हणतो, आणि लोकांना फक्त "झालाच पाहिजे" एवढंच म्हणायचं असतं. पाच गावांची नावं एकामागून एक आली की श्वास चढत जातो आणि तो शेवटच्या दोन शब्दांत सुटतो. घोषणा म्हणून ती इतकी टिकली ती या बांधणीमुळे. लोकांना लांब ओळ म्हणायला लावली की तिसऱ्या फेरीत आवाज पडतो. निवेदनात मात्र यमक आणू नका, मागणी पोरकट दिसते.

अतिशयोक्ती टाळाच. "अख्खं गाव", "एकही मुलगी", "कधीच नाही" हे शब्द एका उलट उदाहरणाने पडतात. गावात एखाद्याच्या बापाची मोटरसायकल असतेच आणि त्याची मुलगी सहाला घरी पोचतेच. "२७ पैकी २४ मुली" म्हटलंत तर तिला कोणी पुढे करणार नाही.

पायरी ४: समोरच्याचं म्हणणं आधी तुम्हीच मांडा

आपल्या शास्त्रचर्चेत आधी पूर्वपक्ष मांडायचा, मग उत्तरपक्ष, असा शिरस्ता होता. म्हणजे विरोधी मत आपणच, तेही प्रामाणिकपणे आणि पूर्ण ताकदीने सांगायचं आणि मग त्याला उत्तर द्यायचं. पटवण्याच्या सगळ्या युक्त्यांत ही सर्वांत कमी वापरली जाते आणि सर्वांत जास्त कामाला येते, असं आमचं स्पष्ट मत आहे.

भाषणाआधी समोरचा कोणते दोन आक्षेप घेईल ते लिहा. इथे पहिला उघड आहे. "शक्ती योजनेनंतर गर्दी वाढली आहे, जादा गाडी कुठून आणू?" जून २०२३ पासून कर्नाटकात साध्या सरकारी गाड्यांत महिलांना मोफत प्रवास आहे, त्यामुळे हा आक्षेप खोटा नाही. तो मान्य करा: "गाड्यांवर ताण आहे हे आम्हाला ठाऊक आहे, आमच्याच पोरी त्या गर्दीत असतात. म्हणून आम्ही नवी गाडी मागतच नाही. आहे तीच गाडी सव्वा तास उशिरा सोडा." मान्य करणं, मग वळण, मग उत्तर, या क्रमाने तीन वाक्यं. "पण" हा शब्द मान्य केल्याबरोबर लगेच आणू नका. "तुमचं बरोबर आहे, पण" असं म्हटलं की "बरोबर आहे" पुसलं जातं. "म्हणून" किंवा "म्हणूनच" वर वळलात तर समोरच्याचं म्हणणंच तुमच्या मागणीचं कारण बनतं.

दुसरा आक्षेप गावातूनच येईल: चारच्या गाडीने बाजार करून परतणाऱ्या म्हाताऱ्या माणसांचं काय? याला भाषेत उत्तर नाही. आधी त्यांच्याकडे जा, विचारा, आणि त्यांना सव्वापाच चालत असेल तर निवेदनावर सही घ्या. ती सही कोणत्याही अलंकारापेक्षा भारी. चालत नसेल तर मागणीच बदलावी लागेल, आणि ते स्टँडवर कळण्यापेक्षा गावात कळलेलं बरं.

पायरी ५: दुसऱ्या भाषेच्या चाळणीतून गाळा

भाषण तयार झालं की कन्नड नीट जाणणाऱ्या शेजाऱ्याला ते वाक्यावाक्याने कन्नडमध्ये सांगायला सांगा. लिहून नको, तोंडी. जिथे तो अडखळतो तिथे खूण करा. आकडे, चित्र, तीनाची मांडणी, प्रश्न, विरोध, सुरुवातीची पुनरावृत्ती हे जवळजवळ जसंच्या तसं पलीकडे जातं. दोन्ही भाषांत क्रियापद शेवटीच येत असल्यामुळे वाक्याचा डौलही बराचसा टिकतो. यमक, शब्दावरची कोटी, एकाच भाषेतली म्हण, आणि आम्ही-आपण यांचं पाणी होतं. खूण केलेल्या जागी दुसरी युक्ती घाला. ऐकणारे सगळे मराठी असतील तर ही पायरी सोडली तरी चालेल.

भाषा तुमची स्वतःची ठेवा. "पोरी अंधारातनं चालत येऊलाल्यात" असं घरात बोलणारी बाई माईक हातात आल्यावर "विद्यार्थिनींना मार्गक्रमण करावे लागते" म्हणायला लागली की तिच्यावरचा विश्वासच जातो. बोलीत बोलायला लाजू नका. कागदावर मात्र प्रमाण मराठी, कारण तो अनोळखी माणसाच्या टेबलावर जाणार.

पायरी ६: मोठ्याने म्हणा

किमान तीनदा म्हणा. पहिल्यांदा घड्याळ लावून. दुसऱ्यांदा फक्त थांबण्याच्या जागा शोधत: प्रश्नानंतर दोन सेकंद, आकड्यानंतर एक, मागणीच्या आधी पुरे तीन. नवखा वक्ता शांततेला घाबरतो आणि प्रश्न विचारून लगेच पुढे धावतो, त्यामुळे ऐकणाऱ्याला मनात उत्तर द्यायला वेळच मिळत नाही. तिसऱ्यांदा कागदाशिवाय. एका श्वासात न मावणारं वाक्य दिसलं की तोडा. वक्तृत्व स्पर्धेत लहान मुलं दर वाक्याला हात वर नेतात. हातवारा एकदाच, मागणीच्या वाक्याला.

हीच हत्यारं तुमच्यावर चालवली जातात तेव्हा

प्लॉटची जाहिरात, निवडणुकीचं पत्रक, गुंतवणुकीच्या स्कीमवाला एजंट, सगळे याच पेटीतली अवजारं वापरतात. "गावातल्या सगळ्यांनी भरले, तुम्हीच राहिलात" ही गर्दीची भीती. "आजचा शेवटचा दिवस" ही घाई, विचार करायला वेळ मिळू नये म्हणून. "एकतर आमच्याबरोबर, नाहीतर भाषेचे वैरी" हा खोटा दुरंगी पर्याय, आणि सीमाभागात दोन्ही बाजूंनी तो फार वापरला जातो. मुद्द्याला उत्तर न देता माणसाच्या आडनावावर, घराण्यावर किंवा घरच्या भाषेवर घसरणं हे दुबळ्या बाजूचं लक्षण. अशा वेळी अलंकार सोलून उरलेलं वाक्य साध्या मराठीत लिहून बघा: कोण, काय, किती, कशावरून. चारांपैकी दोन उत्तरं मिळाली नाहीत तर सही करू नका, पैसे देऊ नका.

पायरी ७: निवेदनाचा कागद

तोंडी भाषण हवेत विरतं, काम कागदावर चालतं. निवेदन एका पानाचं ठेवा. वर प्रति, पदनाम आणि कार्यालय. विषयाच्या ओळीत पायरी १ मधलीच मागणी. "विषय: बसबाबत" असं लिहिलं तर कागद कोणत्या फाईलला लागेल ते कारकुनालाही कळत नाही. पहिल्या परिच्छेदात वस्तुस्थिती आणि दोन आकडे, दुसऱ्यात पूर्वपक्ष आणि उत्तर, तिसऱ्यात तीच मागणी शब्दही न बदलता. भावनेचं चित्र कागदात एकाच वाक्याचं. प्रश्न, घोषणा, म्हणी कागदावर नकोत. सह्यांसोबत नाव आणि मुलीशी नातं लिहा, नुसत्या सह्यांची माळ कोणी वाचत नाही. मुख्याध्यापकांचं शाळा सुटण्याच्या वेळेचं पत्र जोडा.

मराठीत दिलेलं निवेदन चालतं का, हा प्रश्न इथे नेहमी विचारला जातो. राज्यघटनेच्या कलम ३५० प्रमाणे गाऱ्हाणं मांडणारा अर्ज केंद्राच्या किंवा राज्याच्या अधिकाऱ्याला, केंद्रात किंवा त्या राज्यात वापरात असलेल्या कोणत्याही भाषेत देता येतो. प्राथमिक शाळेच्या पातळीवर मातृभाषेतल्या शिक्षणाची सोय मागायची असेल तर आधार कलम ३५०-क चा, तो १९५६ च्या सातव्या घटनादुरुस्तीने आला. कलमाचा उल्लेख निवेदनाच्या शेवटी, एका ओळीत, शांतपणे करा. पहिल्याच ओळीत कलम आलं तर समोरचा वकिली उत्तराची तयारी करतो.

हक्क असला तरी कन्नड प्रत सोबत जोडणं फायद्याचं आहे. ज्याने वाचायचं त्याला एका बैठकीत वाचता येतं आणि शेरा त्याच दिवशी पडण्याची शक्यता वाढते. दोन्ही प्रतींत आकडे, तारखा आणि वेळा सारख्याच आहेत ना, हे दोघांनी बोट ठेवून ताडून बघा. "सव्वापाच" अक्षरात आणि ५.१५ आकड्यात, दोन्ही लिहा. निवेदन देताना आपल्याकडच्या प्रतीवर शिक्का, तारीख आणि आवक क्रमांक घ्या. पंधरा दिवसांनी पुन्हा जाल तेव्हा नवं भाषण करू नका. तो आवक क्रमांक सांगा, मागणीचं वाक्य आहे तसं एकदा म्हणा, आणि पुढे कधी यायचं त्याची तारीख विचारून घ्या.